पावसाळ्यात पाण्याविना उबवलेली जवारी अंडी

जवारी, म्हणजे आमच्याकडची गावठी कोंबडी बारा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक होते. खाली अंडी ठेवली तर २१ दिवस जागची हलत नाही. पिल्लं निघाली की ती आपलं आपण खायला-पळायला शिकेपर्यंत पुढचे दोन महिने तिच्याकडून अंड्याची आशा धरायची नाही. आमच्या बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या परड्यात हे पूर्वापार असंच चालत आलंय आणि हिवाळ्यात ते उत्तम चालतं. पावसाळ्यात मात्र बसलेली कोंबडी आणि तिची पिल्लं, दोन्ही सांभाळणं कठीण. खुराड्यात ओल धरते, गोणपाट वाळत नाही, घूस जमीन पोखरून आत येते, आणि पहिल्या आठवड्यात भिजलेलं पिल्लू सहसा वाचत नाही. म्हणून आमच्याकडच्या बायका मिरगापासून नवरात्रापर्यंत कोंबडी अंड्यांवर बसवायचं टाळतात. पण जुलैत निघालेली तलंग (तरणी कोंबडी) जानेवारीच्या सुमाराला अंड्यावर येते आणि पुढचे थंडीचे, कोरड्या हवेचे दिवस तिला मिळतात. हा हिशेब धरला तर पिल्लं काढायला खरा महिना तोच. एवढ्यासाठी मी घरी अंडी उबवायचं मशीन केलं, आणि तेही भर पावसात लावलं.

मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते त्या मशीनमधल्या पाण्याबद्दल. पण आधी खोकं.

बेळगावच्या मासळी बाजारात कारवार-गोव्याकडून मासे येतात ती जाड थर्मोकोलची खोकी. त्यातलं एक धुऊन, उन्हात वाळवून घेतलं. आत एका बाजूला ४० वॅटचे दोन बल्ब, संगणकातला १२ व्होल्टचा छोटा पंखा, आणि उष्णता ठराविक झाली की बल्ब बंद करणारी थर्मोस्टॅटची तयार पाटी. बल्ब मुद्दाम दोन घेतले, कारण एक रात्री उडाला तरी दुसरा सकाळपर्यंत निभावून नेतो. एलईडी बल्ब यात चालत नाही. उजेड देतो, ऊब देत नाही. बल्ब आणि अंडी यांच्यामध्ये पत्र्याचा आडोसा दिला, म्हणजे जवळच्या अंड्यांना थेट झळ लागत नाही. हवा खेळायला खाली दोन आणि वर दोन भोकं. अंड्यांच्या तळाला जाळी, आणि उष्णता मोजणारी तार अंड्यांच्या उंचीवर. ही तार खोक्याच्या झाकणाला चिकटवून ठेवणारे मी बघितलेत. तिथं वरची गरम हवा मोजली जाते आणि अंडी खाली गार राहतात.

मी उद्यमबागेत एका कारखान्यात मशीनशॉपला आहे. तिथं मोजायचं साधन आधी तपासल्याशिवाय कामाला हात लावत नाहीत, आणि अंड्यांच्या बाबतीत तर हे दुप्पट खरं. पंखा असलेल्या खोक्यात ३७.५ अंश लागतात. अर्धा अंश सतत कमी राहिला तर पिल्लं एखादा दिवस उशिरा आणि अशक्त निघतात. दीड-दोन अंश जास्त राहिला तर ती अंड्यातच मरतात. इतक्या बारीक फरकावर सगळं उभं असताना थर्मोस्टॅटच्या पाटीवर दिसतो तो आकडा खरा मानून कसं चालेल? घरात तापासाठी ठेवलेला पाऱ्याचा डॉक्टरी थर्मामीटर इथं फार उपयोगी पडतो. तो माणसाच्या अंगाच्या आसपासचंच तापमान दाखवायला बनवलेला असतो आणि ३७.५ अंश म्हणजे त्यावरचे ९९.५. शिवाय त्यातला पारा झटकल्याशिवाय खाली येत नाही, म्हणून रात्रभर आत ठेवला तर रात्रीत उष्णता जास्तीत जास्त कुठवर चढली तेही सकाळी कळतं. माझी पाटी त्याच्यापेक्षा ०.६ अंश कमी दाखवत होती. तेवढा फरक धरून आकडा लावला आणि अंडी ठेवायच्या आधी खोकं एक पूर्ण दिवस-रात्र रिकामं चालवलं.

आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्रही तसंच तपासता येतं. बाटलीच्या टोपणात जेवणातलं मीठ घ्यायचं, थेंब थेंब पाणी घालून चिखलासारखं ओलं करायचं, आणि यंत्राबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून सात-आठ तास ठेवायचं. पिशवीतली हवा ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. ओल्या मिठाचा हा धर्मच आहे. यंत्र ७० दाखवत असेल तर ते ५ ने कमी बोलतंय एवढं लिहून ठेवायचं.

अंडी घरची, काही माझ्या आत्तीच्या परड्यातली, आणि काही बैलहोंगलकडच्या एका सहकाऱ्याने आणून दिलेली. त्याच्याकडचा कोंबडा वेगळ्या रक्ताचा, म्हणून ती मुद्दाम मागून घेतली. एकाच परड्यात बाप-लेकी, भाऊ-बहिणी अशी पैदास होत राहिली की अंडी भरत नाहीत, भरली तरी पिल्लं दुबळी निघतात. कोंबडा बदलत राहणं हे जवारी जात टिकवायचं पहिलं काम आहे आणि आमच्या भागात त्याकडे फार दुर्लक्ष होतं. लोक गिरिराजची पिल्लं विकत आणतात. बेंगळूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तयार झालेली ती जात वजनाला चांगली आहे, तिला मी नावं ठेवणार नाही. पण घारीची सावली पडली की झपकन कुडाखाली घुसणारी, चार महिने पावसात तग धरणारी आमची बारीक अंगाची कोंबडी हळूहळू परड्यांतून कमी होत चाललीय. तिची पिल्लं आपणच काढली नाहीत तर ती कुठून मिळणार?

अंडी निवडताना फार मोठं नको, फार छोटं नको, लांबट किंवा खडबडीत नको. आठवड्यापेक्षा जुनं नको. फ्रिजमधलं तर नकोच. आणि धुवायचं नाही. अंड्यावर कोंबडीनेच दिलेला एक पातळ थर असतो, तो जंतूंना आत जाऊ देत नाही. पाण्याने तो निघून जातो. थोडी घाण असेल तर कोरड्या फडक्याने पुसावी. ठेवताना निमुळतं टोक खाली. सहकाऱ्याची अंडी मोटारसायकलवरून आली होती, म्हणून ती एक रात्र तशीच, रुंद टोक वर करून, स्वस्थ ठेवली. दुकानातली पांढरी अंडी आणून ठेवली तर चालतील का, असं शेजारच्या पोराने विचारलं. त्या पोल्ट्रीत कोंबडाच नसतो, त्यामुळे त्या अंड्यातून काही निघायचा प्रश्नच नाही.

प्रत्येक अंड्यावर पेन्सिलने एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढला आणि त्याखाली त्याचं वजन लिहिलं. शाई वापरली नाही, कारण ती कवचातून आत झिरपू शकते. वजनासाठी शहापुरात सोन्याचांदीची कामं करणाऱ्यांकडे असतो तसला, ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा आणला. जवारी अंडी ४० ते ४८ ग्रॅमच्या दरम्यान होती.

आता पाणी.

विकतचं मशीन घेतलं की बरोबर माहितीचा कागद येतो, लोकही तेच सांगतात: आत पाण्याची वाटी ठेवा, आर्द्रता ५०-५५ टक्के पाहिजे. मी वाटी घेऊन बसलो होतो तेव्हा आत्ती पडवीत होती. ती म्हणाली, "बाहेर धो धो पडूलालाय, आणि आत आणि कशाला पाणी घालतोस? कोंबडी कुठं वाटी घेऊन बसत्या?" मी रिकाम्या खोक्यातला आकडा बघितला. वाटीशिवायच ४५ टक्क्यांच्या आसपास होता.

याचा हिशेब सरळ आहे. हवा तापली की तिची पाण्याची वाफ धरायची ताकद वाढते. जुलैत आमच्याकडे खोलीत २५ अंश आणि ९० टक्के आर्द्रता हे रोजचंच. हीच हवा खोक्यात जाऊन ३७.५ अंशाला तापली की आतली वाफ तेवढीच राहते, पण टक्का उतरून ४४ वर येतो. म्हणजे पहिल्या १८ दिवसांना लागणारी ओल बाहेरच्या पावसानेच आणून दिलेली असते. त्यात वाटीभर पाणी ठेवलं तर आकडा सहज ६० च्या वर जातो. उलट जानेवारीत पहाटे खोलीत १५ अंश आणि ७० टक्के असली तरी ती हवा तापल्यावर जेमतेम १८ टक्के उरते, आणि एप्रिलच्या दुपारची ३४ अंशाची कोरडी हवा २५ टक्क्यांच्या आसपास. एकाच खोक्याला एका महिन्यात पाणी नको आणि दुसऱ्या महिन्यात दोन वाट्यांनीही भागत नाही. कागदावरची सूचना कुठल्या हवेसाठी लिहिलीय ते कागद सांगत नाही.

ओल जास्त झाली तर नेमकं काय बिघडतं? अंडं श्वास घेतं. कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात, त्यातून आत हवा जाते आणि आतलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. जेवढं पाणी जाईल तेवढी रुंद टोकाकडची हवेची पोकळी मोठी होते. ही पोकळी पिल्लासाठी राखलेली जागा आहे. निघायच्या आदल्या दिवशी ते आतला पापुद्रा चोचीने फोडतं आणि आयुष्यातला पहिला श्वास याच पोकळीतली हवा घेतं. पाणी पुरेसं गेलं नसेल तर पोकळी लहान राहते, पिल्लू सुजल्यासारखं भरतं, वळायला जागा नसते, आणि आतल्याच द्रवात गुदमरून मरतं. बाहेरून अंडं अगदी छान दिसत असतं. पावसाळ्यात मशीनवर २१ व्या दिवशी भरलेली पिल्लं अंड्यातच मेली, अशी तक्रार मी आमच्या गल्लीत आणि कारखान्यात पुष्कळ ऐकली होती. सगळे दोष कोंबड्याला नाहीतर विजेला देत होते.

म्हणून टक्क्यांपेक्षा वजन बघायचं ठरवलं. १८ दिवसांत अंड्याचं ११ ते १३ टक्के वजन कमी व्हावं, एवढं एकच गणित. माझ्या वहीतलं एक अंडं सांगतो, बाकीची त्याच्या आगेमागेच होती. ठेवताना ४४.२ ग्रॅम, सातव्या दिवशी ४२.२, अठराव्या दिवशी ३९.१. घट ५.१ ग्रॅम, म्हणजे साडेअकरा टक्के. या सगळ्या काळात खोक्यात पाण्याचा थेंब घातला नव्हता. घट कमी पडतेय असं वाटलं तर वरचं भोक थोडं मोठं करायचं, जास्त होतेय असं वाटलं तर वाटी ठेवायची. सोन्याचा काटा नसेल तर सगळी अंडी ट्रेसकट स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली तरी अंदाज येतो.

अंडी फिरवायचं काम घरात वाटून घेतलं. पहिल्या पाळीला जायच्या आधी मी, दुपारी आई, रात्री झोपताना बायको. फिरवायची ती दिवसातून विषम वेळा, तीन किंवा पाच. रात्रीचा पल्ला लांब असतो. वेळा विषम असल्या की एका रात्री फुली वर, दुसऱ्या रात्री गोल वर असं आपोआप होतं. न फिरवता एकाच कुशीवर राहिलं तर वर तरंगणारा जीव पापुद्र्याला चिकटतो आणि तिथंच संपतो. आईला चष्मा लावूनही पेन्सिलची खूण नीट दिसेना, तेव्हा मुलीने दुपारची पाळी आपल्याकडे घेतली आणि भिंतीवरच्या कालनिर्णयवर रोज तीन टिकल्या मारायला लागली.

आत्तीने एक खिळा आणून दिला. ढग गडगडले की अंडी गार होतात, डालग्यात लोखंड ठेवायचं असतं. तिच्या आईपासूनची रीत. मी तो खिळा खोक्याच्या झाकणावर ठेवला आणि पिल्लं निघेपर्यंत तो तिथंच होता.

सातव्या रात्री अंडी उजेडावर धरली. माजघरातला दिवा बंद, मोबाइलच्या टॉर्चवर पुठ्ठ्याची नळी, नळीच्या तोंडावर अंड्याचं रुंद टोक. जवारी अंड्याचं कवच फिकट मातकट असतं, त्यामुळे आत बऱ्यापैकी दिसतं. पहिल्याच अंड्यात वरच्या बाजूला एक काळा ठिपका होता, तो डोळा. त्याच्याभोवती लाल शिरांचं जाळं सगळीकडे पसरलेलं, आणि बघता बघता तो ठिपका हलला. सरकला आणि परत जागेवर आला. मुलगी ओरडलीच. मी ते अंडं खाली ठेवणार तेवढ्यात आईने हात पुढे केला, मग आत्तीने. आत्तीने साठ-पासष्ट वर्षं कोंबड्या पाळल्या, पण अंड्याच्या आत जीव हलताना तिने तोपर्यंत बघितला नव्हता. तिने काही न बोलता अंडं डोळ्यापासून दूर-जवळ करून पुन्हा पुन्हा बघितलं.

२४ अंड्यांपैकी ४ वांझ निघाली. टॉर्चवर ती कोऱ्या अंड्यासारखी स्वच्छ, आत फक्त बलकाची सावली. एकात शिरांच्या जागी रक्ताचं एक बारीक कडं होतं. म्हणजे जीव धरला होता, पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी गेला. ती पाच काढून टाकली. मेलेलं अंडं ऊबेत ठेवलं तर नासतं, त्यात वायू धरतो आणि फुटलं तर सगळ्या खोक्याची वाट लागते.

वीज गेली ती दुसऱ्या आठवड्यात. वादळी पावसात तारेवर फांदी पडली आणि संध्याकाळपासून गाव अंधारात. याची तयारी मी आधीच केली होती: एक जुनी १२ व्होल्टची बॅटरी आणि कारच्या इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब. ७ अँपिअर-तासाची बॅटरी हा बल्ब तीनेक तास जाळते. बल्ब खोक्यात सोडला, वरून घोंगडं पांघरलं, भोकं मात्र उघडी ठेवली. बॅटरी संपल्यावर गरम पाण्याच्या दोन बाटल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या. उष्णता ३४ पर्यंत उतरली. घरात सगळे घाबरले होते, पण मला उतरत्या आकड्याची एवढी भीती नव्हती. कोंबडीसुद्धा रोज दाणापाण्यासाठी उठून जाते तेव्हा अंडी थोडी गार होतातच, आणि दुसऱ्या आठवड्यापासून आतला जीव स्वतःही थोडी ऊब तयार करतो. काही तास गार पडलं तर एखादा दिवस उशीर होतो, एवढंच. जीवघेणी असते ती चढती बाजू. ४० अंशांच्या वर काही तास गेले की परत फिरायचं नाव नाही. म्हणून वीज आल्यावर मी खोक्याजवळच बसून राहिलो, बाटल्या काढल्या आणि आकडा ३७.५ वर स्थिर होईपर्यंत उठलो नाही.

अठराव्या दिवशी अंडी फिरवणं बंद. जाळीवर खरखरीत गोणपाटाचा तुकडा अंथरला. आणि आता मात्र पाणी ठेवलं. दोन वाट्या, शिवाय एका वाटीतून ओल्या सुती फडक्याची वात काढून पंख्यासमोर सोडली. आकडा ७० टक्क्यांवर गेला. पहिल्या १८ दिवसांत ओल नको होती कारण अंड्यातलं पाणी बाहेर जायला हवं होतं. आता ते काम झालेलं असतं. आता पिल्लू कवच फोडतं, आणि त्या वेळी बाहेरची हवा कोरडी असेल तर पापुद्रा वाळून कागदासारखा कडक होतो आणि पिल्लाच्या अंगाला आवळून बसतो. दोन टप्प्यांच्या या दोन उलट्या गरजा एकदा नीट समजल्या की पाण्याचा सगळा गोंधळ संपतो. वरची भोकंही पूर्ण उघडली. शेवटी सगळ्यात जास्त हवा लागते.

विसाव्या दिवशी पहाटे खोक्याला कान लावला तर आतून बारीक चिवचिव. एकाही अंड्याला चीर नव्हती. पिल्लं पोकळीतली हवा घेत होती आणि बंद अंड्यांतून एकमेकांना साद घालत होती. कामावर गेलो तर बैलहोंगलवाला गेटवरच, "मरी बंद्वेनु?" म्हणजे पिल्लं आली का? मी म्हटलं, आवाज आलाय, पिल्लं अजून यायचीत.

संध्याकाळी घरी येईपर्यंत पाच-सहा अंड्यांवर टवके उडाले होते. रुंद टोकाच्या जरा खाली, चांदणीसारखी बारीक चीर, मध्ये कवचाचा एक तुकडा उचललेला. तिथून पुढे तासन् तास काहीच होत नाही. आत्ती म्हणाली, कोमट पाण्यात सोडून बघ, जिवंत असेल ते डुलतं. तिच्या हातून ही परीक्षा कित्येकदा झालीय, पण टवका पडलेल्या अंड्याला पाणी लागलं तर ते थेट आत जातं. मी तिला खोक्याच्या झाकणात बसवलेल्या काचेतून हलणारी अंडी दाखवली. पाण्याशिवायच डुलत होती ती.

या थांबण्याच्या वेळात पिल्लू दमलेलं नसतं. पापुद्र्यातल्या शिरांतलं रक्त ते आत ओढून घेत असतं, आणि उरलेला बलक बेंबीतून पोटात घेत असतं. याला बारा तास लागतात, कधी चोवीस. आपण कीव येऊन कवच सोलायला गेलो तर त्या शिरा फुटतात आणि पिल्लू रक्त जाऊन मरतं. मी झाकणावर चिकटपट्टी लावून टाकली, कारण घरात प्रत्येकाला एकदा उघडून बघायचं होतं. उघडलं की ओल क्षणात निघून जाते आणि टवका पडलेल्या अंड्यांचा पापुद्रा तिथंच वाळतो.

मग रात्री एकाने सुरुवात केली. टवक्यापासून कडेकडेने टोचत, जरा फिरत, परत टोचत, असं कवचाचं झाकण कापत ते अंड्याभोवती गेलं. मध्ये मध्ये थांबायचं, श्वासाबरोबर सगळं अंडं वरखाली व्हायचं. पाऊण घेर कापून झाल्यावर पायांनी रेटा दिला, झाकण उलटलं, आणि मान लोंबकळत असलेलं ओलं पिल्लू गोणपाटावर पडलं. चोचीच्या शेंड्यावर तो पांढरा टणक दाणा स्पष्ट दिसत होता. कवच फोडायला तो दिलेला असतो आणि काही दिवसांत गळून पडतो. पहाटेपर्यंत ते फुललं, आणि त्याच्या धडपडीने शेजारची अंडीही जोरात हलायला लागली. एकाचा आवाज ऐकून दुसरी निघतात हे डोळ्यांनी बघितलं.

१९ पैकी १६ निघाली. पिल्लांना घाई करून बाहेर काढलं नाही. पोटात घेतलेल्या बलकावर ती दोन दिवस दाणापाण्याशिवाय राहू शकतात, त्यामुळे पूर्ण वाळेपर्यंत आतच ठेवली. ४४.२ ग्रॅमच्या त्या अंड्यातलं पिल्लू २९ ग्रॅम भरलं, म्हणजे अंड्याच्या दोन तृतीयांशाच्या आसपास, जसं असायला पाहिजे तसं.

न निघालेली तीन अंडी मी बाविसाव्या दिवशी संध्याकाळी परड्यात नेऊन फोडली. पुष्कळ जण ती तशीच पुरून टाकतात. पण मशीनबद्दल खरं काय ते तीच अंडी सांगतात. एकात पिल्लू दोन आठवड्यांचं होऊन थांबलेलं. दुसऱ्यात पूर्ण भरलेलं, पण डोकं निमुळत्या टोकाकडे वळलेलं, त्यामुळे त्याला हवेची पोकळी सापडलीच नाही. तिसऱ्याचा बलक पोटाबाहेर राहिला होता. तिन्हींत मी शोधत होतो तो जास्तीचा द्रव. चिकट पाणी, सुजलेली मान असं काही नव्हतं. पोकळ्या मोठ्या होत्या, पापुद्रे कोरडे. ओलीने एकही गेलं नव्हतं.

पिल्लांना पुठ्ठ्याच्या खोक्यात गोणपाटावर ठेवलं. वर्तमानपत्रावर पाय घसरून फाकतात आणि मग पुष्कळदा तसेच राहतात. पहिला आठवडा ३५ अंश, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. पण थर्मामीटरपेक्षा पिल्लंच नीट सांगतात. बल्बखाली ढीग करून चिवचिवत असतील तर थंडी वाजतेय, कडेला पंख पसरून धापा टाकत असतील तर बल्ब वर घ्या, आणि खोकंभर पसरून टिपत असतील तर काही करू नका. प्रत्येकाची चोच एकदा गुळाच्या पाण्यात बुडवली म्हणजे पाणी कुठं आहे ते कळतं. खायला पिल्लांचं स्टार्टर, त्यात थोड्या तांदळाच्या कण्या. नुसत्या कण्यांवर ठेवलेली पिल्लं जगतात, पण अंग धरत नाहीत. पावसाळ्यात तिसऱ्या आठवड्यापासून रक्ती हगवणीची भीती असते, आणि तिचं मूळ ओल्या अंथरुणात असतं, म्हणून गोणपाट रोज बदललं आणि ओलं चुलीपाशी वाळवलं.

मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस पाचव्या ते सातव्या दिवशी, डोळ्यात एक थेंब. कुपी १०० पिल्लांची येते आणि एकदा पाणी मिसळली की बर्फात ठेवूनही तासा-दोन तासांत संपवावी लागते. १६ पिल्लांसाठी ती फोडून उरलेली फेकणं जिवावर आलं. गल्लीत सांगून ठेवलं. रविवारी सकाळी कुणी बुट्टीत, कुणी पदराखाली, कुणी बादलीत पिल्लं घेऊन आमच्या पडवीत आलं. ज्यांच्या घरी आजवर कुणी कोंबडीला लस दिली नव्हती तीही आली. मी पिल्लू धरत होतो, बायको थेंब सोडत होती, आणि थेंब डोळ्यात जिरून पिल्लाने पापणी मिटली की मुलगी पुढचं आणायची. २८ व्या दिवशीच्या दुसऱ्या थेंबालाही तीच माणसं आली, आणि आठव्या आठवड्याच्या टोचणीसाठी पैसे आधीच गोळा झालेत.

पिल्लं निघाली त्याच आठवड्यात आमची एक तांबडी कोंबडी खुडूक होऊन रिकाम्या जागेवर बसली होती. रात्री अंधारात तिच्याखाली पाच पिल्लं एकेक करून सरकवली. सकाळी ती त्यांना पोटाशी घेऊनच उठली आणि मी जवळ गेलो तर अंगावर आली. बाकीची अकरा बल्बवर वाढली. वजनात फरक नाही, पण घारीचा आवाज आला की कोंबडीखालची पाच आधी लपतात, अकरा जण नंतर. पुढच्या खेपेला निम्म्यापेक्षा जास्त पिल्लं कोंबड्यांखाली द्यायची असं ठरवलंय. एक खुडूक कोंबडी मशीनच्या दहा-बारा पिल्लांना सहज सांभाळते आणि तिचे बसायचे २१ दिवस वाचतात.

आता जानेवारीची तयारी. तेव्हा वाट्या पहिल्या दिवसापासून भरलेल्या लागतील आणि रोज सकाळी पाणी बघावं लागेल. वजनाची वही तीच. बैलहोंगलच्या सहकाऱ्याला खोकं मिळालंय, थर्मोस्टॅट मागवलाय. त्याच्याकडची हवा आमच्यापेक्षा कोरडी, पाऊस कमी. त्याला माझे आकडे दिले नाहीत. काटा आण आणि सातव्या दिवशी तुझं अंडं किती उतरलं ते सांग, मग वाटी ठेवायची का नाही ते ठरवू, एवढंच सांगितलंय.